घूर्णवाताचा माग : आधी किती कळते व तेवढ्या वेळात काय करावे

चैत्र-वैशाखातील वळवाचा अनुभव आमच्या शेतकरी बंधूंस नवा नाही. सकाळपासून हवा कोंदलेली असते, अंगास घाम सुटतो, झाडाचे पान हालत नाही. आणि तिसऱ्या प्रहरी क्षितिजाच्या एखाद्या कोपऱ्यास काळेभोर आभाळ उठते. घटकाभरात वारा सुटतो, धुळीने दिशा भरून जातात, विजा कडाडतात आणि पाऊस किंवा गारा कोसळून सारे शांत होते. तेवढ्या अवधीत खळ्यावरचा गहू भिजतो, काढून पसरलेला कांदा नासतो, बागेत आंब्याचा सडा पडतो आणि झाडाखाली बांधलेला बैल विजेने दगावतो. मागाहून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच उद्गार असतो : "आधी कळले असते तर!"

आधी कळणे म्हणजे नेमके काय, किती आधी कळू शकते, आणि कळल्याचा उपयोग केव्हा होतो, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही या पाठात करणार आहो. त्यासाठी मुद्दाम दूर देशातील एक उदाहरण घेतले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात, मुख्यत्वे मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी व जॉर्जिया या राज्यांत, २७ एप्रिल २०११ या एका दिवसात गडगडाटी वादळांच्या पोटातून दोनशेच्या आसपास घूर्णवात जमिनीवर उतरले आणि तीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. घूर्णवात म्हणजे ज्यास टॉर्नेडो म्हणतात ते वादळ. ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत लोंबणारी, गरगर फिरणारी वाऱ्याची ती सोंड असते. आपल्याकडील उन्हाळ्यातील वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते व तिच्या माथ्यावर ढग नसतो. घूर्णवात हे मेघाचे अपत्य आहे, आणि त्याचा जोर वावटळीच्या कित्येक पट असतो.

हे संकट नकळत आले असते तर त्यापासून शिकण्यासारखे थोडेच होते. परंतु ते कित्येक दिवस आधी वर्तविले गेले होते. त्या दिवशी काही तास आधी त्याचा प्रदेश ठरविला गेला होता. आणि बहुतेक ठिकाणी काही मिनिटे आधी गावांची नावे घेऊन इशारा दिला गेला होता. असे असून मनुष्यहानी इतकी का झाली, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

वादळ कसे घडते

गडगडाटी वादळास तीन गोष्टी लागतात. जमिनीलगत उबदार व दमट हवा हवी. तिच्या बरीच वर थंड हवा हवी. आणि खालच्या हवेस वर लोटणारे काही निमित्त हवे. दमट हवा वर चढली म्हणजे तिच्यातील वाफेचे पाणी होते व त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा अधिकच हलकी होऊन आणखी वर धावते. अशा रीतीने सात-आठ मैल उंचीचा मेघ तास-दीड तासात उभा राहतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात वसंत ऋतूत ही सामग्री विपुल मिळते. मेक्सिकोच्या आखातावरून दमट वारा उत्तरेकडे येतो. पश्चिमेकडील उंच व कोरड्या पठारांवरून उष्ण, शुष्क हवेचा थर येऊन त्या दमट हवेवर पसरतो. त्याहून वर पश्चिमेचे थंड व वेगवान वारे वाहत असतात. मधला शुष्क थर हा पातेल्यावरील झाकणासारखा आहे. झाकण असेतो वाफ कोंडून राहते व खालची ऊब वाढत जाते. आणि दुपारी झाकण एखाद्या ठिकाणी उचलले गेले की कोंडलेली सारी शक्ती तेथून एकदम उसळते. म्हणूनच सकाळी ऊन निघून हवा कोंदली, तर त्या मुलखातील जाणता मनुष्य आनंद मानीत नाही.

सामान्य गडगडाटी मेघ तासाभरात मरतो, कारण त्याचा पाऊस त्याच्याच चढत्या हवेवर पडून तिला थंड करतो. परंतु उंचीगणिक वाऱ्याची दिशा व वेग बदलत असतील, तर पाऊस चढत्या हवेपासून दूर पडतो आणि मेघ कित्येक तास जगतो. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. दोन्ही तळव्यांमध्ये काडी आडवी धरून वरचा हात पुढे सरकविला, तर काडी फिरू लागते. त्याचप्रमाणे खालचा वारा मंद व वरचा जलद असला म्हणजे मधली हवा आडव्या लाटण्याप्रमाणे फिरते. चढती हवा या फिरत्या लाटण्यास उचलून उभे करते आणि मग सबंध मेघच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा फिरत्या मेघास शास्त्रज्ञ सुपरसेल म्हणतात. आपण त्यास महामेघ म्हणू. मोठमोठ्या गारा व प्रबळ घूर्णवात बहुधा याच्याच पोटी जन्मतात. तथापि प्रत्येक महामेघातून घूर्णवात उतरतो असे नाही. कोणता मेघ सोंड टाकील व कोणता टाकणार नाही, हे आजही आधी निश्चित सांगता येत नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

माग काढण्याची विद्या

या विद्येचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. अमेरिकी सैन्याच्या सिग्नल खात्यातील जॉन फिन्ली या अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या दशकात घूर्णवातांच्या शेकडो हकिकती जमविल्या व १८८४ साली भाकिते करण्याचा प्रयोगही केला. पुढे सरकारी हवामानखात्याने असे ठरविले की, लोक उगाच घाबरतील, सबब भाकितात टॉर्नेडो हा शब्दच वापरू नये. तो दंडक दीर्घकाळ चालला.

२० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमा राज्यातील टिंकर या लष्करी विमानतळावर घूर्णवात येऊन अनेक विमानांचा चुराडा झाला. तेथील फॉबुश व मिलर या दोन अधिकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासून अशा दिवसाची लक्षणे ठरविली. पाचच दिवसांनी, २५ मार्च रोजी, तीच लक्षणे पुन्हा दिसली. त्यांनी भीत भीत भाकीत केले, विमाने व माणसे सुरक्षित जागी हलविण्यात आली, आणि त्याच सायंकाळी त्याच विमानतळावर खरोखरीच घूर्णवात आला. लोकांना सांगितल्याने जेवढी हानी होते, त्याहून न सांगितल्याने अधिक होते, हे तेव्हा पटू लागले. १९५० साली तो शब्द वापरण्याची मनाई उठली.

दुसरे साधन रडारचे. हे यंत्र आकाशात सूक्ष्म लहरी सोडते व पावसाच्या थेंबांवरून आणि गारांवरून परतणाऱ्या लहरींवरून मेघाचे चित्र काढते. ९ एप्रिल १९५३ रोजी इलिनॉय राज्यात रडारच्या पडद्यावर मेघाच्या मागील कडेस आकडीसारखा भाग वळलेला दिसला; तेथेच घूर्णवात होता. पुढे डॉप्लर रडार आले. आगगाडी जवळ येत असता तिच्या शिटीचा स्वर चढा लागतो व दूर जाता उतरतो, हे सर्वांनी ऐकले असेल. याच तत्त्वावर हे रडार थेंब आपल्याकडे येत आहेत की दूर जात आहेत ते सांगते. मेघात एका बाजूस येणारा व लगतच दुसऱ्या बाजूस जाणारा वारा दिसला, म्हणजे तेथे हवा फिरत आहे असे ओळखावे. १९७३ साली ओक्लाहोमातील युनियन सिटी येथील घूर्णवाताचा या रीतीने प्रथमच साद्यंत अभ्यास झाला, आणि १९९० नंतरच्या दशकात त्या देशभर अशा दीडशेहून अधिक रडारांचे जाळे उभे राहिले.

या साधनासही मर्यादा आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच होतो. साठ मैलांवर तो सुमारे मैलभर उंचीवरून जातो. त्याखाली काय चालले आहे ते यंत्रास दिसत नाही. म्हणून शिकविलेले स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून आकाश न्याहाळतात व पाहिलेले कळवितात. त्यांत शेतकरीही पुष्कळ असतात. यंत्र मेघाचे पोट पाहते, मनुष्य मेघाचे पाय पाहतो, आणि दोघांचे मिळून एक ज्ञान होते.

२७ एप्रिलचा दिवस

आता त्या दिवसाकडे वळू. ओक्लाहोमातील नॉर्मन गावी वादळांचे भाकीत करणारे राष्ट्रीय केंद्र आहे. दक्षिण भागावर मोठे संकट येण्याचा संभव आहे, हे तेथून कित्येक दिवस आधीपासून सांगितले जात होते. २७ तारखेस त्या केंद्राने आपल्या श्रेणींपैकी सर्वांत वरची श्रेणी जाहीर केली. दुपारी मिसिसिपी व अलाबामासाठी सावधगिरीची सूचना निघाली व तीत हा प्रसंग विशेष धोक्याचा आहे असे स्पष्ट म्हटले होते.

येथे दोन शब्दांतील भेद समजून घेणे अवश्य आहे. सावधगिरीची सूचना म्हणजे अनेक जिल्ह्यांच्या प्रदेशात पुढील काही तासांत वादळ होण्यास हवा अनुकूल आहे, एवढे सांगणे. धोक्याचा इशारा म्हणजे विवक्षित मेघात फिरणारी हवा दिसली आहे, किंवा घूर्णवात प्रत्यक्ष दिसला आहे, आणि तो अमुक अमुक गावांकडे येत आहे, असे सांगणे. पहिलीत तास मिळतात, दुसऱ्यात मिनिटे मिळतात.

त्या दिवशीचा एक मेघ आपण पायरीपायरीने पाहू. दुपारी २ वाजून ५४ मिनिटांच्या सुमारास मिसिसिपी राज्यातील न्यूटन परगण्यात तो महामेघ जन्मास आला. ताशी पन्नास मैलांच्या वेगाने तो ईशान्येकडे निघाला. ४ वाजून ४३ मिनिटांनी अलाबामात शिरल्यावर त्याने जमिनीवर सोंड टाकली. ५ वाजून १० मिनिटांच्या सुमारास ती सोंड टस्कलूसा शहरात शिरली. शहराजवळ येणारा तो काळा स्तंभ दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांनी लोकांस घरबसल्या दाखविला. तेथून पुढे बर्मिंगहॅम शहराच्या उत्तर भागातून जाऊन ६ वाजून १४ मिनिटांनी ती विरली. दीड तासात तिने सुमारे ८० मैलांचा, म्हणजे १३० किलोमीटरांचा पट्टा नांगरून काढला. काही ठिकाणी त्याची रुंदी दीड मैल होती. या एका घूर्णवाताने साठाहून अधिक बळी घेतले. मेघ मात्र त्यानंतरही जगला व उत्तर कॅरोलायना राज्यात रात्री १० वाजून १८ मिनिटांच्या सुमारास, सुमारे ३८० मैलांचा प्रवास करून मावळला.

याच दिवशी उत्तर अलाबामात हॅकलबर्ग व फिल कँबेल या लहान गावांवरून गेलेल्या दुसऱ्या घूर्णवाताचा माग १३२ मैल लांब होता व त्याने सत्तराहून अधिक बळी घेतले. त्या राज्यात कुक्कुटपालनाचा धंदा मोठा आहे. शेकडो कुक्कुटगृहांची मोडतोड होऊन लाखो कोंबड्या मेल्या.

आता या वेळांचा हिशेब करावा. मेघाच्या जन्मापासून टस्कलूसास पोहोचेपर्यंत सव्वादोन तास गेले. सोंड जमिनीस लागल्यापासून शहरात शिरेपर्यंत सत्तावीस मिनिटे गेली. त्या दिवशीच्या घूर्णवातांपैकी बहुतेकांपूर्वी इशारा निघाला होता, आणि सरासरीने तो वीस मिनिटांहून अधिक आधी निघाला होता. यापूर्वी ३ व ४ एप्रिल १९७४ रोजी त्याच देशात तेरा राज्यांत १४८ घूर्णवात आले होते व तेव्हाही तीनशेहून अधिक माणसे मेली होती. मधल्या सदतीस वर्षांत विद्या पुष्कळ वाढली, परंतु मृतांची संख्या जवळजवळ तेवढीच राहिली. वस्ती वाढली होती व मोठी शहरे मार्गात आली, हे खरे. यावरून विद्या निरुपयोगी ठरते असे कोणी समजू नये. तरीही एवढ्याने समाधान होत नाही.

साखळी कोठे तुटली

पहिले कारण पहाटेचे होते. २७ तारखेस सूर्योदयाच्या आगेमागे वादळांची एक रांग अलाबामावरून गेली होती. तिनेही झाडे व तारा पाडल्या, काही बळी घेतले, आणि मोठ्या मुलखाची वीज गेली. हवामानखात्याची सूचना देणारी काही नभोवाणी-प्रक्षेपण केंद्रे बंद पडली. दुपारी खरे संकट आले तेव्हा कित्येक घरांत दूरदर्शन नव्हते, काही ठिकाणी भोंग्यांस वीज नव्हती, आणि हातफोनही जागोजाग अडत होते. शास्त्रज्ञ बोलत होते, परंतु ऐकणाऱ्यापर्यंत शब्द पोहोचत नव्हता.

दुसरे कारण मनाचे होते. सकाळी वादळ येऊन गेले व मग काही भागांत ऊन पडले. ज्याची भीती घातली होती ते हेच, आणि ते टळले, असे काही लोकांनी मानले. वास्तविक त्या उन्हानेच दुपारच्या मेघांस ऊब पुरविली.

तिसरे कारण सवयीचे होते. त्या काळी अमेरिकेत घूर्णवाताच्या दर चार इशाऱ्यांपैकी सुमारे तीन वेळा घूर्णवात प्रत्यक्ष उतरत नसे. याचे मूळ वर सांगितलेच आहे : फिरणारा मेघ दिसतो, परंतु तो सोंड टाकील की नाही ते कळत नाही. इशारा खोटा ठरला की मनुष्य पुढच्या वेळी आधी खिडकीतून पाहतो, शेजाऱ्यास विचारतो, आणि मग उठतो. महिन्याच्या आतच, २२ मे २०११ रोजी, मिसुरी राज्यातील जॉप्लिन शहरात घूर्णवाताने दीडशेहून अधिक माणसे मारली. तेथेही भोंगा वाजल्यावर अनेक लोक दुसऱ्या खात्रीची वाट पाहत थांबले होते, असे चौकशीत दिसून आले.

चौथे कारण आसऱ्याचे होते. त्या मुलखात पुष्कळ कुटुंबे चाकांवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांत राहतात, व अनेक पक्क्या घरांसही तळघर नसते. वीस मिनिटे मिळाली तरी जाण्यास जागा कोठे, हे ज्याने आधी ठरविलेले नव्हते त्यास ती वीस मिनिटे विचार करण्यातच गेली. टस्कलूसात तर जिल्ह्याच्या आपत्ती-निवारण कचेरीची इमारतच मोडली.

या चारही कारणांत एक समान धागा आहे. जे काम आदल्या दिवशी करावयाचे ते दुपारवर राहिले, आणि जे दुपारी करावयाचे ते शेवटच्या मिनिटांवर येऊन पडले. पुढे २०१२ सालापासून त्या देशात धोक्याच्या क्षेत्रातील हातफोनांवर इशारा आपोआप पोहोचविण्याची व्यवस्था झाली. परंतु फोन वाजल्यावर कोठे जावे हे फोन शिकवीत नाही.

आपल्या देशाची गोष्ट

आमच्या मुलखात असले प्रबळ घूर्णवात क्वचितच होतात, म्हणून ही चर्चा परकी वाटण्याचा संभव आहे. परंतु वादळाची सामग्री तीच आहे. बंगालमध्ये चैत्र-वैशाखात समुद्राची दमट हवा व छोटा नागपूरकडील तप्त, शुष्क वारा यांची गाठ पडून कालबैशाखी नावाची वादळे उठतात. बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर व सातुरिया येथे २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या घूर्णवाताने सुमारे तेराशे माणसे मारली; जगातील ज्ञात घूर्णवातांत तो सर्वांत प्राणघातक गणला जातो. महाराष्ट्रात तेच तत्त्व वळवाच्या रूपाने दिसते. सोंड नसली तरी गारा, वीज व सोसाट्याचा वारा ही त्याच मेघाची हत्यारे आहेत. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्रात झालेली गारपीट आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी सोसली आहे. आणि विजेने दगावणाऱ्यांत शेतात काम करणारी माणसेच अधिक असतात.

माग काढण्याची साधनेही आपल्याकडे आता आहेत. भारतीय हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले. ते जिल्हावार पुढील काही दिवसांचे अंदाज देते व धोक्याची पायरी हिरव्या, पिवळ्या, नारिंगी व तांबड्या रंगांनी दाखविते. शिवाय पुढील तीन तासांपुरता तातडीचा अंदाजही दिला जातो. मुंबई व नागपूर येथे डॉप्लर रडार आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजांची नोंद घेणाऱ्या यंत्रांचे जाळे उभारले असून तिच्या 'दामिनी' या फोनवरील सोयीने आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव कळतो. म्हणजे दिवस, तास व मिनिटे या तिन्ही पायऱ्यांवर आपणांसही काही ना काही कळते. आता कर्तव्याचा भाग उरला.

शेतकऱ्याने काय करावे

दिवसांच्या पायरीवर, म्हणजे अंदाजात पिवळा किंवा नारिंगी रंग दिसताच, मालाचा विचार करावा. काढणीस आलेला गहू, हरभरा किंवा कांदा शक्य तर काढून घ्यावा. काढणे शक्य नसेल तर नवा माल काढून उघड्यावर पसरू नये. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकून ती दोराने आवळून बांधावी. नुसती दगड ठेवून झाकलेली ताडपत्री पहिल्याच झोतात उडते. गोठ्याचे सुटलेले पत्रे ठोकून घ्यावेत. फोन भारून ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाने कोणत्या पक्क्या इमारतीत जावयाचे ते आधीच ठरवून द्यावे.

तासांच्या पायरीवर, म्हणजे तीन तासांचा अंदाज आला असता किंवा आभाळ उठताना दिसले असता, गुरांचा विचार करावा. त्यांस उंच एकाकी झाडाखालून व तारेच्या कुंपणापासून सोडवून गोठ्यात आणावे. लांबच्या रानात गडीमाणसे पाठवू नयेत. पसरलेला माल गोळा करून झाकावा. मेघाचा माथा ऐरणीसारखा पसरला असेल, तर तो मेघ पूर्ण वाढलेला आहे असे समजावे.

मिनिटांच्या पायरीवर फक्त माणसांचा विचार करावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावेत. आवाज सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर चालतो. तीस मोजण्याच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. हातातील काम टाकून आत जावे. झाडाखाली, मोकळ्या छपराखाली, विहिरीच्या काठावर किंवा विजेच्या पंपाजवळ उभे राहू नये. उघड्या ट्रॅक्टरवर बसू नये. पत्र्याचे छत असलेली बंद मोटार चालेल. आसरा नसेलच तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, व माणसांनी एकमेकांपासून अंतर ठेवावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडू नये, कारण मेघाची पाठ वळली तरी त्याची वीज मागे पडते. कोणास वीज लागलीच, तर त्याच्या अंगात वीज उरत नाही. त्यास शिवण्यास भिऊ नये. श्वास बंद असेल तर छाती दाबून व तोंडाने हवा देऊन तो चालू करण्याचा यत्न ताबडतोब करावा व वैद्यकीय मदत बोलवावी. अशा उपायाने माणसे वाचतात.

या क्रमाचे मर्म असे की, शेवटच्या पायरीवर माल वाचविण्याचा मोह धरू नये. ताडपत्रीचे टोक बांधण्यास धावलेला मनुष्य विजेस सापडतो. ते टोक आदल्या दिवशी बांधले असते, तर त्यास धावावे लागले नसते.

आमच्या सभासदांस एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक गावी दोन-तीन लिहितेवाचते गृहस्थ असे नेमावेत की, ज्यांनी मार्चपासून जूनपर्यंत रोज सकाळी व दुपारी अंदाज पाहून तो चावडीवर व देवळाच्या पटांगणात सांगावा. कारण फोन सर्वांजवळ नसतो, असला तरी भारलेला नसतो, आणि वीज गेली की तो मुका होतो. अशा वेळी घंटा, शिंग किंवा ढोल हे जुने साधन उपयोगी पडते. इशारा दिला व वादळ आले नाही, तर त्या गृहस्थांची थट्टा कोणी करू नये. चार वेळा खळे व्यर्थ झाकावे लागले तर चार दोरांची गाठ सोडण्याचे श्रम पडतात. पाचव्या वेळी न झाकल्यास वर्षाचे पीक जाते, आणि शेतात राहिलेला मनुष्य तर कोणत्याही भावाने परत मिळत नाही.

अलाबामात विद्येने आपले काम पुष्कळ अंशी केले होते. सव्वादोन तासांचा मेघ, सत्तावीस मिनिटांची सोंड, हे सारे पडद्यावर दिसत होते. ते दिसणे घराघरांत, माणसामाणसांपर्यंत पोहोचविणे व त्याप्रमाणे हालणे, हा भाग यंत्राचा नव्हे. तो गावाचा व ज्याचा त्याचा आहे. यंदाच्या वळवापूर्वी आमच्या वाचकांनी आपल्या घरी, आपल्या गड्यांसह बसून, दिवसांची, तासांची व मिनिटांची कामे कोणती ते एकदा वाटून घ्यावे, एवढीच या पाठाची मागणी आहे.